बॅटल हार्बर ते तळेघर : मासेमारीच्या ठाण्याचे जतन आणि व्यवसायातील शब्द

१

पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यात, घोडेगावाहून भीमाशंकराकडे जाणाऱ्या रस्त्यावर तळेघर हे गाव आहे. गावाच्या नावात तळे आहे. समुद्र मात्र सह्याद्री उतरून सारे कोकण ओलांडल्यावाचून भेटत नाही. तरीही समुद्र या मुलखाला अगदीच परका नव्हे. भीमाशंकराच्या वाटा, आहुप्याचा घाट आणि उत्तरेस जुन्नर तालुक्यातील नाणेघाट यांतून कोकण आणि देश यांची देवघेव शतकानुशतके चालत आली. मीठ आणि सुकी मासळी या कोकणातून वर चढणाऱ्या जिनसांपैकी होत. ज्याने जन्मात कधी ताजा बोंबील पाहिला नाही, अशा घाटमाथ्यावरील माणसालाही 'सुकट' आणि 'बोंबील' हे शब्द परिचयाचे असतात. वस्तू सुकून आली आणि आपले नाव बरोबर घेऊन आली.

परंतु बोंबील ज्या बांबूच्या मांडणीवर टांगून सुकवितात, तिला उत्तर कोकणच्या किनाऱ्यावर 'वलांडी' म्हणतात, हा शब्द बोंबलाबरोबर घाट चढून येण्याचे कारण नव्हते. बाजारात माल येतो. तो जेथे सिद्ध होतो ती जागा येत नाही. व्यवसायातील शब्दांचे असे दोन वर्ग करता येतात. मालाची नावे दूरवर पसरतात, आणि कृतीची, साधनांची व मापांची नावे कामाच्या जागेशी बांधलेली राहतात. यांपैकी दुसऱ्या वर्गातील शब्द अधिक नाजूक असतात, कारण ते त्या जागेच्या आयुष्यापलीकडे सहसा जगत नाहीत. जागा बंद पडली आणि पुढे तिचे संग्रहालय झाले, तर या शब्दांचे काय होते, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे. त्याच्या विवेचनास सोयीचे असे एक उदाहरण कॅनडाच्या लॅब्रेडॉर किनाऱ्यावर आहे. ते प्रथम पाहून मग आपल्या किनाऱ्याकडे, आणि शेवटी पुन्हा तळेघरच्या परिसराकडे वळावयाचे आहे.

२

'मासेमारीचे ठाणे' हा शब्दप्रयोग येथे हेतुपूर्वक केला आहे. मराठी 'ठाणे' हा संस्कृत 'स्थान' या शब्दाचा वंशज आहे, आणि इंग्रजी 'स्टेशन' हा लॅटिनमधून, उभे राहणे या अर्थाच्या धातूपासून आलेला आहे. दोहोंचे मूळ एकच इंडो-युरोपीय धातू होय. पोलिसांच्या 'स्टेशना'ला आपण 'ठाणे' म्हणू लागलो, तेव्हा नकळत दोन दूरच्या भावंडांची भेट घडविली. लॅब्रेडॉरच्या मासेमारीत या शब्दाला नेमका अर्थ होता. न्यूफाउंडलंडहून दर उन्हाळ्यात जे मच्छीमार येत, त्यांचे दोन प्रकार असत. गलबतावरच राहून मासळीच्या मागे फिरणाऱ्यांना 'फ्लोटर', म्हणजे तरते, म्हणत. आणि किनाऱ्यावर झोपड्या बांधून एका जागी हंगाम काढणाऱ्यांना 'स्टेशनर', म्हणजे ठाण्यावरचे, म्हणत. इतरत्र कागद-लेखणी विकणाऱ्याला लावला जाणारा हा शब्द त्या किनाऱ्यावर मच्छीमाराचा वाचक झाला होता.

बॅटल हार्बर हे अशा ठाण्यांपैकी एक प्रमुख ठाणे. लॅब्रेडॉरच्या आग्नेय किनाऱ्याजवळील एका लहान खडकाळ बेटावर ते वसले आहे. इंग्लंडमधील पूल या बंदरातील जॉन स्लेड आणि कंपनी या व्यापारी पेढीने १७७० नंतरच्या दशकात ते उभारले. १८७१ मध्ये ते बेन जॉन्स्टन या पेढीकडे आणि १९५५ मध्ये अर्ल या पेढीकडे गेले. १८५७ मध्ये तेथे सेंट जेम्सचे चर्च झाले. १८९३ मध्ये डॉक्टर विल्फ्रेड ग्रेनफेल यांच्या वैद्यकीय कार्याचे रुग्णालय निघाले, आणि १९०४ मध्ये मार्कोनीचे बिनतारी संदेशकेंद्र आले. उत्तर ध्रुव गाठल्याचा दावा करून परतणाऱ्या रॉबर्ट पियरी यांनी १९०९ मध्ये वार्ताहरांना भेट दिली ती याच बेटावर. या नोंदींवरून एखाद्या नगराचे चित्र डोळ्यांपुढे येईल. परंतु या साऱ्याच्या मुळाशी एकच काम होते. कॉड मासा धरावा, चिरावा, खारवावा, वाळवावा आणि जहाजात भरावा.

'बॅटल' या नावाचा लढाईशी संबंध नसून, छोट्या होडीचा वाचक असलेल्या 'बातेल' या पोर्तुगीज शब्दाचे ते रूप असावे, असे मानले जाते. मराठी वाचकाला हा शब्द अनोळखी वाटू नये. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरील 'बतेला' या गलबताचे नाव त्याच पोर्तुगीज शब्दाशी जोडले जाते. 'पगार', 'चावी' आणि 'पाव' हे शब्द ज्या दर्यावर्दी लोकांनी आपल्याला दिले, त्यांच्या होडीचे नाव अटलांटिकच्या एका टोकाला बेटाचे नाव झाले आणि अरबी समुद्रात गलबताचे. बेटावरील उच्चार इंग्रजीच्या वळणाने पालटला आणि शब्दाचा अर्थ हरपला. आपल्याकडे तो वस्तूला चिकटून राहिल्याने अर्थासह टिकला. शब्द वस्तूपासून सुटला की त्याला भलतीच व्युत्पत्ती जडते, याचे हे लहानसे प्रमाण.

३

या ठाण्याचे अर्थकारणही ध्यानात घ्यावयास हवे, कारण पुनरुज्जीवित वास्तूंच्या नीटनेटक्या रंगकामाखाली ते झाकून जाण्याचा संभव असतो. हंगामाच्या आरंभी व्यापाऱ्याने जाळी, मीठ, पीठ आणि कपडे उधार द्यावे, हंगामाच्या शेवटी मच्छीमाराने सुकी मासळी त्याच्याच पदरात घालावी, आणि मासळीचा भाव व मालाची किंमत ही दोन्ही व्यापाऱ्यानेच ठरवावी, अशी ती पद्धत होती. रोख पैसा मच्छीमाराच्या हाती क्वचितच पडे. आपल्याकडील 'उचल' या शब्दामागे जो अनुभव साठलेला आहे, तोच येथेही होता. न्यूफाउंडलंड आणि लॅब्रेडॉर येथील उत्तम प्रतीची मासळी भूमध्य समुद्राकाठच्या देशांत जाई आणि हलक्या प्रतीची वेस्ट इंडीजमधील उसाच्या मळ्यांवर, प्रथम गुलामांच्या आणि पुढे मजुरांच्या ताटात. मासळीची 'प्रत' हा शब्द म्हणूनच व्यापारी परिभाषेपुरता राहत नाही. माणसामाणसांतील अंतरही त्यात मोजले गेले होते.

या ठाण्याची उतरती कळा टप्प्याटप्प्याने आली. १९३० मध्ये लागलेल्या आगीत रुग्णालयासह अनेक इमारती नष्ट झाल्या. १९४९ मध्ये न्यूफाउंडलंड कॅनडात सामील झाले. त्यानंतर विखुरलेल्या लहान वस्त्या हलवून मोठ्या गावांत वसविण्याचे सरकारी धोरण आले, आणि त्यानुसार १९६०च्या दशकात बॅटल हार्बरचे कायमचे रहिवासी मुख्य भूमीवरील मेरीज हार्बर येथे गेले. उन्हाळी मासेमारी त्यानंतरही काही काळ चालू राहिली. अखेरीस २ जुलै १९९२ रोजी कॅनडाच्या सरकारने उत्तर भागातील कॉडच्या व्यापारी मासेमारीवर बंदी घातली. अतिरेकी मासेमारीमुळे साठाच खचला होता. सुमारे ३०,००० माणसांचे काम या निर्णयाने गेले. ही बंदी २०२४ मध्ये उठली आणि त्या वर्षी १८,००० टन मासळी धरण्याची मुभा मिळाली. परंतु मधल्या बत्तीस वर्षांत एक अख्खी पिढी कामावाचून वाढली होती.

याच काळात, १९९०च्या दशकात, एका ऐतिहासिक न्यासाने बॅटल हार्बरच्या इमारतींची डागडुजी हाती घेतली. मिठाचे कोठार, पिठाचे कोठार, दुकान, धक्का आणि चर्च ही सारी पूर्ववत उभी राहिली, आणि त्या स्थळाला राष्ट्रीय ऐतिहासिक परिसराचा दर्जा मिळाला. जुन्या मच्छीमार कुटुंबांच्या वंशजांना या वास्तूंत आपले पूर्वज कोठे राबत होते ते आज पाहता येते. काम संपले तेथे संग्रहालय सुरू झाले.

४

येथवरचा वृत्तान्त वास्तूंचा झाला. भाषेच्या अभ्यासकाला यात एक वेगळाच क्रम महत्त्वाचा वाटतो. न्यूफाउंडलंडच्या मेमोरियल विद्यापीठातील स्टोरी, कर्विन आणि विडोसन या तिघांनी सिद्ध केलेला न्यूफाउंडलंडच्या इंग्रजीचा कोश १९८२ मध्ये प्रसिद्ध झाला. मासेमारीवर बंदी आली ती १९९२ मध्ये. म्हणजे शब्द टिपण्याचे काम व्यवसाय थांबण्यापूर्वी दहा वर्षे पूर्ण झाले होते. ज्यांच्या तोंडी ते शब्द होते ती माणसे अद्याप कामावर होती. कोशकारांनी छापील ग्रंथ, व्यापाऱ्यांची कागदपत्रे आणि बोलणाऱ्यांच्या मुखातील साक्ष या तिन्ही साधनांचा उपयोग केला.

त्या कोशातील काही शब्द पाहू. 'फिश' या सर्वसामान्य शब्दाचा त्या किनाऱ्यावरील पहिला अर्थ 'मासा' असा नसून 'कॉड' असा आहे. इतर माशांना त्यांची त्यांची नावे. एका व्यवसायाने जातिवाचक शब्द कसा व्यापून टाकला, हे या एका अर्थावरून कळते. 'फ्लेक' म्हणजे मासळी वाळविण्याची काठ्यांची मांडणी. 'स्टेज' म्हणजे पाण्यावर खांबांनी उभारलेली, मासळी उतरवून चिरण्याची जागा. नाटकाचा तिच्याशी संबंध नाही. 'मेक' या क्रियापदाचा अर्थ मासळी 'करणे', म्हणजे खारवून वाळवून सिद्ध करणे. 'याफल' म्हणजे दोन्ही हातांच्या कवेत मावेल एवढी सुकी मासळी. आपल्याकडे गवताचा किंवा पेंढ्याचा कवळा असतो तसे हे माप.

आता बॅटल हार्बरच्या जीर्णोद्धारित कोठारात उभ्या असलेल्या प्रेक्षकाची कल्पना करावी. समोर लाकडी मांडणी आहे. तिला 'फ्लेक' म्हणतात हे त्याला ठाऊक असेल, तर तिच्यावर मासळी 'करणारी' माणसे, 'याफल' उचलणाऱ्या स्त्रिया आणि प्रत ठरविणारा व्यापाऱ्याचा माणूस हे सर्व एका शब्दामागोमाग उभे राहतात. ते ठाऊक नसेल, तर समोर फक्त काठ्या आहेत. वस्तूवाचून शब्द ही नुसती यादी होते, आणि शब्दावाचून वस्तू हे नुसते लाकूड राहते. बॅटल हार्बर बोलके वाटते, याचे श्रेय सुतारांना आहे तसेच कोशकारांनाही आहे. लाकूड नव्याने तासता येते. ज्या बोलण्याची नोंद झाली नाही ते मागाहून घडविता येत नाही. म्हणून दोहोंपैकी शब्दांच्या जतनाची घाई अधिक असते.

५

आता आपल्या किनाऱ्याकडे पाहू. तुलनेसाठी बोंबील आणि कॉड ही जोडी उपयोगी आहे. कॉड चिरून, खारवून मग वाळवितात; मीठ हा त्या धंद्याचा प्राण, आणि ते दूर स्पेनमधील कादिसहूनही येत असे. बोंबील मिठाविना, केवळ उन्हावाऱ्यावर सुकतो. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी वलांडीवर टांगतात. एकीकडे मिठाचे कोठार ही ठाण्याची मुख्य इमारत ठरली. दुसरीकडे इमारतच लागली नाही, बांबू, दोर आणि मोकळे वारे पुरले. याचा परिणाम जतनावर होतो. लॅब्रेडॉरमध्ये मागे राहावयास कोठारे होती. आपल्या कोळीवाड्यात काम थांबले, तर वलांडी उतरविली जाते आणि दुसऱ्या दिवशी तेथे मोकळी जागा असते. पुनरुज्जीवन करावे असे वास्तुरूप अवशेषच अल्प. त्यामुळे आपल्या बाबतीत शब्द हाच मुख्य अवशेष ठरतो.

आणि हे शब्द थोडे नाहीत. प्रवाहात खुंटांना बांधून ठेवावयाचे 'डोल' जाळे, अनेकांनी मिळून किनाऱ्यावर ओढावयाची 'रापण', हाताने फेकावयाचा 'पाग', अमावास्या-पौर्णिमेचे 'उधाण', अष्टमीच्या सुमारास येणारी 'भांगाची भरती', 'तांडेल', 'नाखवा' आणि 'खलाशी' यांच्यातील पायऱ्या, 'मचवा', 'पडाव' आणि 'बतेला' यांच्यातील भेद. डोल प्रवाहाच्या जोरावर चालते; म्हणून तिचा नाखवा तिथी मोजतो. पंचांग येथे धर्मकृत्याइतकेच कामाचेही साधन आहे, हे 'भांग' आणि 'उधाण' या दोन शब्दांवाचून सांगता येणार नाही.

यांची नोंद कोठे आहे? मोल्सवर्थच्या कोशात (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७) कोकणात चालणाऱ्या शब्दांना वेगळी खूण आहे, आणि समुद्राशी संबंधित शब्द त्यात बरेच आहेत. दाते-कर्वे यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'ने (१९३२–१९३८) त्यात भर घातली. ग्रियर्सनच्या भारतीय भाषा-पाहणीच्या सातव्या खंडात (१९०५) कोळी बोलीचा समावेश आहे. डॉ. अ. मा. घाटगे यांच्या मराठी बोलींच्या पाहणीची पुस्तके १९६३ पासून निघू लागली. अलीकडे डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्याने बोलींचे सर्वेक्षण केले आहे. ही कामे मोलाची आहेत. परंतु त्यांचा रोख बोलीच्या ध्वनिरूपावर, व्याकरणावर आणि सर्वसामान्य शब्दसंग्रहावर आहे. एका व्यवसायाची परिभाषा त्याच्या कामाच्या क्रमाने, साधनाच्या आकृतीसह आणि बोलणाऱ्याच्या वाक्यासह नोंदवावी, हे निराळे काम आहे.

संग्रहालयाच्या दिशेने एक पाऊल आपल्याकडेही पडले. मुंबईचा ससून डॉक १८७५ मध्ये अल्बर्ट ससून यांनी कुलाब्यास बांधला, आणि १८७९ मध्ये तो सरकारने घेतला. कापसाच्या व्यापारासाठी बांधलेली ही गोदी पुढे मासळीची झाली आणि आजही तेथे पहाटे मासळीचा बाजार भरतो. २०१७ मध्ये 'स्टार्ट इंडिया फाउंडेशन'ने तेथील जुन्या गोदामात कलाप्रदर्शन भरविले, आणि मासळीचा व्यवहार करणाऱ्या लोकांची मोठी छायाचित्रे भिंतींवर लागली. बॅटल हार्बरमध्ये काम संपल्यावर प्रेक्षक आला. येथे काम चालू असतानाच तो आला. ही आपली अनुकूल बाजू आहे. ज्या चेहऱ्याचे छायाचित्र भिंतीवर लागले, तो चेहरा खाली टोपलीजवळ बोलत होता. छायाचित्राबरोबर ते बोलणेही घ्यावयास हवे होते.

६

आता पुन्हा तळेघरकडे. या परिसरात महादेव कोळी समाजाची वस्ती मोठी आहे. 'कोळी' या नावामुळे बाहेरच्या माणसाची गल्लत होते. किनाऱ्यावरचे सोनकोळी दर्यावर जगतात, तर महादेव कोळी हे डोंगरातील भातशेतीवर आणि रानावर जगणारे आदिवासी आहेत. नाव सारखे, परिभाषा अगदी भिन्न. 'नाव एक तेथे व्यवसाय एक' हे गृहीत धरून केलेली समाजेतिहासाची मांडणी किती फसवी ठरते, याचा हा वस्तुपाठ होय.

परंतु इतिहासाने येथे एक अनपेक्षित वळण घेतले. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात घोड नदीवर डिंभे येथे धरण झाले. ज्या गावाचे नाव तालुक्याला आहे ते जुने आंबेगावच त्या पाण्याखाली गेले. जलाशयाला 'हुतात्मा बाबू गेनू सागर' असे नाव मिळाले. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत विदेशी मालाच्या बहिष्कारात प्राण देणारे बाबू गेनू याच तालुक्यातील महाळुंगे पडवळचे. नदीकाठची भातखाचरे बुडाली आणि विस्थापितांपैकी काहींनी त्याच पाण्यात मासेमारी सुरू केली. 'शाश्वत' या संस्थेच्या साहाय्याने त्यांची सहकारी संस्था उभी राहिली. जे नावाने कोळी होते पण मच्छीमार नव्हते, ते धरणामुळे मच्छीमार झाले. ही घटना सुखाची म्हणता येत नाही. जमीन गेल्यावर हाती आलेला हा उद्योग आहे, हे विसरून त्याचे कौतुक करणे गैर होईल.

भाषेच्या अभ्यासकाला मात्र येथे एक दुर्मीळ संधी आहे. व्यवसायाची परिभाषा बहुधा आपल्याला तयार झालेलीच सापडते. ती जन्मताना दिसत नाही. डिंभ्याच्या काठी ती जन्मत असताना पाहावयास मिळेल. मासेमारी नवी असता तिचे शब्द कोठून येतात? तीन उगम संभवतात. पहिला, देशावरील नदीकाठच्या भोई समाजाची जुनी परिभाषा. दुसरा, घाटाखालील किनाऱ्याची. तिसरा, सरकारी खात्याची आणि व्यापाऱ्याची. तिसऱ्याचा प्रभाव राज्यातील जलाशयांवर सर्वत्र दिसतो. तलावांत सोडल्या जाणाऱ्या 'कटला', 'रोहू' आणि 'मृगळ' या जाती गंगेच्या खोऱ्याकडून आल्या, आणि नावे त्यांच्याबरोबर आली. बोटाएवढ्या पिलाला खात्याने 'बोटुकली' हा शब्द चालविला. इंग्रजी शब्दातील बोटाचा आधार घेऊन घडविलेला तो मराठी शब्द आहे, आणि घडविलेल्या शब्दांत तो विशेष गोड उतरला आहे. भाताच्या खाचराचे, आवणीचे आणि रानाचे जुने शब्दही पाण्यावर नव्या अर्थाने वापरले जातात काय, हा चौथा आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. पाण्याखाली गेलेल्या शेतांची नावे घेऊन जाळे टाकण्याच्या जागा सांगितल्या जात असतील, तर बुडालेल्या गावाचा नकाशा त्या बोलण्यात जिवंत असेल. तो कोणत्याही संग्रहालयाच्या भिंतीवर लावता येणार नाही. त्याची फक्त नोंद करता येईल.

७

वरील विवेचनातून एक व्यावहारिक सूचना निघते. आपल्या विभागातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी दोन ठिकाणांची परिभाषा समांतर टिपावी : किनाऱ्यावरील एखादा कोळीवाडा आणि डिंभ्याच्या काठची एखादी वाडी. प्रत्येक शब्दाबरोबर साधनाचे रेखाचित्र, कामाचा टप्पा, बोलणाऱ्याचे एक पूर्ण वाक्य आणि तो शब्द त्याने कोणाकडून शिकला याची माहिती घ्यावी. शेवटची बाब कोशात सहसा येत नाही. परंतु शब्दाच्या इतिहासाला तीच अधिक उपकारक आहे. बुडालेली गावे पायी फिरलेली माणसे आता वृद्ध आहेत, आणि त्यांच्या नातवांना ती गावे पाण्याच्या पृष्ठभागाएवढीच ठाऊक आहेत. हे काम दहा वर्षांनी करता येईल असे मानणे धोक्याचे आहे.

उद्या आपल्या किनाऱ्यावर किंवा या जलाशयाकाठी एखादे संग्रहालय उभे राहील, न राहील. राहिले, तर वलांडी बांधण्यास बांबू मिळेल आणि बांधणारे हातही मिळतील. तिच्यावर बोंबील कसा टांगला जाई आणि टांगणारी बाई शेजारणीशी काय बोले, हे मात्र आज लिहून ठेवले तरच तेव्हा सांगता येईल.